नवीन ग्रीस गनमधून ग्रीस येतच नाही. गन खराब आहे की माझं काही चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की ट्रॅक्टरसाठी हँडलची गन आणली, डब्यातलं ग्रीस बोटांनी आत कोंबलं, हात भरून येईस्तोवर हँडल मारलं, तरी तोंडाशी काही नाही. आणि दुकानदार गन परत घेत नाही. परत करूच नका. गन बहुतेक चांगली असणार, आत हवा धरली आहे.

हँडलच्या जोडाखाली एक बारीक प्लंजर असतो, तो ग्रीस पुढे रेटतो. त्याच्यासमोर हवेचा बुडबुडा आला की हवाच दबते आणि फुगते, ग्रीस जागचं हलत नाही. हाताला लगेच कळतं: हवा असली की हँडल पोकळ लागतं, ग्रीस धरलं की जड होतं.

तुम्ही व्हिडिओ बघून भरलं म्हणता, तर घोटाळा तिथेच आहे. परदेशी व्हिडिओंत बहुतेक तयार काडतूस असतं, सुमारे चारशे ग्रॅमचं. झाकण फाडलं, आत सरकवलं, झालं. आपल्याकडे गावात सुटा डबा मिळतो आणि त्याची भरायची रीत वेगळी. (त्याच व्हिडिओंत ‘झर्क’ म्हणतात ते आपलं निपलच, म्हणजे सांध्यावरची ती बारीक बोंडी जिथून ग्रीस आत जातं. ऑस्कर झर्क या माणसाला १९२९ मध्ये त्याचं पेटंट मिळालं, म्हणून ते नाव.)

मी असं करतो. पुढचं डोकं फिरवून काढायचं. नळकांड्याचं उघडं तोंड डब्यात दोन-तीन इंच खुपसायचं आणि मागचा रॉड सावकाश ओढायचा, इंजेक्शनची सिरिंज भरतो तसं. तोंड ग्रीसच्या वर आलं की संपलं, हवाच आत जाणार. रॉड पूर्ण मागे आला की खाचेत अडकवायचा, कडा पुसायची, डोकं बसवायचं, पण एक-दोन आटे ढिलं ठेवून. आता रॉड खाचेतून सोडायचा आणि आत दाबायचा. काही गनमध्ये तो जरा फिरवला की मगच आत सरकतो. ढिल्या आट्यांतून फुस्स करून हवा जाते, मागून ग्रीस डोकावतं. मग डोकं घट्ट करा आणि हँडल मारा. आठ-दहा वेळा थुंकल्यासारखं येईल, मग सलग दोरी पडायला लागेल.

ईपी-२ जातीचं मऊसर ग्रीस असं ओढून भरता येतं. एपी-३ घट्ट असतं, ते नीट ओढलं जात नाही. ते पट्टीने थोडं थोडं भरा आणि दर थराला नळकांडं लाकडी फळीवर आपटा. थंडीत डबा तासभर उन्हात ठेवा. झाकण मात्र लावून. आमच्याकडे एकदा डबा गोठ्याजवळ उघडा राहिला, वर भुसा आणि धूळ बसली, आणि घाईत तेच ग्रीस मारलं. ग्रीस कसलं, पॉलिश पेपर झाला तो.

निपल आधी फडक्याने पुसा, नाहीतर त्यावरची माती तुम्हीच दाब देऊन बेअरिंगमध्ये घालता. कपलर, म्हणजे गनच्या टोकाचं निपलला पकडणारं तोंड, सरळ दाबून बसवायचा. बाजूने ग्रीस येत असेल तर कपलरचे जबडे ढिले असतील, बाहेरची टोपी थोडी आवळून बघा. कपलर अडकला तर ओढत बसू नका, बाजूला कलता केला की सुटतो. निपलमधली गोळी चिकटली असेल तर डिझेल टाकून टाचणीने दाबून बघा, नाहीतर सरळ नवं निपल टाका. चहाच्या पैशांत मिळतं.

किंगपिनला, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिला, ग्रीस मारताना पुढचा एक्सल जॅकवर घ्या. वजन चाकावर असताना ग्रीस सोपी वाट धरतं आणि जिथे घासतं तिथे पोचत नाही. चाक लोंबकळतं ठेवून मारा, मधे स्टिअरिंग इकडेतिकडे फिरवा, खालून काळं जुनं ग्रीस निघून नवं दिसेपर्यंत.

रोटाव्हेटरच्या पीटीओ शाफ्टचा (ट्रॅक्टरची ताकद अवजाराला देणारा फिरता दांडा) क्रॉस, म्हणजे त्याचा अधिकच्या खुणेसारखा सांधा, हा खरा परीक्षेचा पेपर. चार वाट्या असतात, चारही वाट्यांतून ग्रीस डोकवायला हवं. मी एकदा तीन बघून उठलो. चौथी वाटी चिखलणीच्या दिवसांत सुकी चालली, क्रॉस तुटला आणि दिवस बांधावर बसून गेला. आता एखादी वाटी सुकी दिसली की शाफ्ट हलवून, फिरवून परत मारतो. तरी नाही आलं तर क्रॉस खोलतो. काम जोरात असेल तेव्हा क्रॉसला रोज आणि बाकीच्या निपलांना मॅन्युअलमध्ये दिलेल्या तासांनी.

जिथे सीलबंद बेअरिंग आहे तिथे मात्र हात आवरा. जास्त दाबाने सील बाहेर येतं आणि मग पाणी-माती आत. तुमची गन एका स्ट्रोकला किती टाकते हे बघायचं असेल तर दहा स्ट्रोक कागदावर मारा आणि किराणा दुकानात वजन करा.

एक गोष्ट मस्करीत घेऊ नका. इंजिन बंद, पीटीओ बंद, मगच जवळ जायचं. आणि गनची होस (रबरी नळी) चिरलेली असेल तर तिथे बोट लावून गळती बघू नका. हाताच्या गनचा दाबसुद्धा ग्रीस कातडीखाली घुसवायला पुरेसा असतो. टाचणी टोचल्याएवढं दिसतं, सुरुवातीला दुखतही नाही, पण त्याच तासाला दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना ‘ग्रीस दाबाने आत गेलंय’ असं स्पष्ट सांगा. उद्यापर्यंत थांबलात तर बोट जाऊ शकतं.

आज संध्याकाळी डोकं दोन आटे ढिलं करून रॉड दाबून बघा. तरीही हँडल पोकळच लागलं तर गनच्या डोक्याचा फोटो टाका, प्लंजरजवळचा चेक बॉल (ग्रीस मागे येऊ न देणारी गोळी) अडकलाय का ते बघू.