सुरुंगांतून वाट काढणारे अधिकारी

प्रश्न : माझे काका लष्कराच्या इंजिनिअर रेजिमेंटमध्ये अधिकारी होते. १९७१ च्या युद्धात पश्चिम आघाडीवर ते ऐन तारुण्यात धारातीर्थी पडले. दर डिसेंबरला आम्ही त्यांच्या तसबिरीला हार घालतो. परंतु ते तिथे नेमके काय करत होते, असे मुलांनी विचारले की घरात कोणालाच उत्तर देता येत नाही. इंजिनिअर अधिकाऱ्याचे लढाईत काय काम असते? त्यांची स्मृती कशी जपावी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : मुलांनी योग्य तेच विचारले आहे, आणि माझ्या मते आपल्या काकांच्या स्मरणाची सुरुवात त्या प्रश्नाच्या उत्तरापासूनच व्हायला हवी.

शकरगड भागातील बसंतरची लढाई आपण ऐकली असेल. १५ डिसेंबरच्या रात्री आपले पायदळ बसंतर नदीपलीकडे पोहोचले होते. पण त्याच्या मदतीला जाणारे रणगाडे अलीकडे होते आणि मध्ये शत्रूने पेरलेले सुरुंग होते. रणगाड्यांसाठी वाट मोकळी करणे हे इंजिनिअरांचे, म्हणजेच सॅपरांचे काम. ते अर्धेच झाले असताना पलीकडून शत्रूच्या रणगाड्यांच्या हालचालीची खबर आली आणि पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटने उरलेल्या सुरुंगांची पर्वा न करता पुढे जायचे ठरवले. दुसऱ्या दिवशी एकवीस वर्षांच्या अरुण खेत्रपाल यांनी गाजवलेला पराक्रम सर्वांना ठाऊक आहे. त्याच लढाईत ९ इंजिनिअर रेजिमेंटचे मेजर विजय रतन चौधरी तोफांच्या माऱ्यात सुरुंग काढण्याच्या कामावर जातीने उभे राहिले आणि तिथेच कामी आले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. तरीही त्यांचे नाव फार थोड्यांना माहीत असते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हे काम कसे चालते, ते मुलांना बारकाव्यानिशी सांगा. ट्रॉल, म्हणजे सुरुंग दूर करण्याचे अवजार, पुढे लावलेले रणगाडे मदतीला असतातच, पण ते जिथे चालत नाहीत तिथे जवान पालथा पडून, संगीन किंवा टोकदार सळई जमिनीत तिरकी खुपसत इंचाइंचाने पुढे सरकतो. ती तिरकीच का, तर टोक सुरुंगाच्या कडेला लागावे, दाब पडताच फुटणाऱ्या वरच्या भागाला लागू नये म्हणून. रणगाडाविरोधी सुरुंग माणसाच्या वजनाने सहसा फुटत नाही, पण त्याच्या आसपास माणसांसाठीचे लहान सुरुंग पेरलेले असतात. मोकळ्या झालेल्या वाटेच्या दोन्ही कडांना फीत लावतात, रात्री दिवे ठेवतात. एवढा वेळ शत्रूचा मारा चालूच असतो आणि हातात संगीन असलेल्या माणसाला उलट गोळी झाडता येत नाही. अशा वेळी जवानांचे हात स्थिर राहतात ते अधिकारी त्यांच्यात वावरत असल्यामुळे, आणि म्हणूनच या दलात तरुण अधिकारी पुढच्या फळीत पडतात. १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावर सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे स्वतः जखमी असूनही काम सोडून गेले नाहीत. त्यांना परमवीर चक्र मिळाले आणि सुदैवाने ते परतले.

काकांनी हेच केले असेल असे मात्र गृहीत धरू नये, कारण पूल बांधणे, नदीला उतार शोधणे, सुरुंग पेरणे हीदेखील सॅपरांचीच कामे आहेत. त्यांचा सेवा क्रमांक, रेजिमेंट आणि फील्ड कंपनी जुन्या पत्रांवरून किंवा घरी आलेल्या तारेवरून शोधा. रेजिमेंट बॉम्बे सॅपर्सची असेल तर खडकीच्या केंद्राला, मद्रासची असेल तर बंगळुरूला, बंगालची असेल तर रुडकीला पत्र लिहा. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात त्यागचक्राच्या भिंतींवर हुतात्म्यांची नावे कोरलेली आहेत. तिथे मुलांना घेऊन जा आणि काकांचे नाव त्यांनाच शोधू द्या. पण त्याआधी, काकांच्या कंपनीतले कोणी हयात असतील तर त्यांना भेटा. ही माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत, त्यामुळे हे काम पुढच्या डिसेंबरपर्यंत लांबवू नका. भेटाल तेव्हा मुलांनाच प्रश्न विचारू द्या आणि उत्तरे लिहून घ्या.