टोकाला मिळणारा फायदा : बिलेट, दगडातली झाडं आणि रानातल्या भेगा

प्रश्न : जालन्यात फर्नेसवर क्वालिटीचं काम बघतो. बिलेटचा, म्हणजे साच्यात ओतून केलेल्या स्टीलच्या कांबेचा, काप गरम ॲसिडमध्ये ठेवला की आत झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी उमटते. साच्याच्या भिंती तर सपाट असतात. आमचं काही चुकतंय का?

नाही. स्टील भिंतीकडून आत गोठत जातं. गोठलेल्या भागात सगळा कार्बन मावत नाही, उरलेला समोरच्या द्रवात ढकलला जातो. तिथे दाटी होते, आणि कार्बन जास्त म्हणजे गोठायचं तापमान कमी. अशा वेळी सपाट कडेवर जरासा उंचवटा आला, तर त्याचं टोक दाटी ओलांडून कमी कार्बनच्या द्रवात शिरतं, लवकर गोठतं आणि आणखी पुढे सरकतं. वाढला की वाढतच जातो.

मग नुसत्या केसासारख्या सुया का होत नाहीत? टोक जितकं अणकुचीदार, तितका पृष्ठताणाचा भुर्दंड मोठा. अतिबारीक उंचवटे परत वितळतात. या ओढाताणीत कोणत्या मापाचा उंचवटा तग धरेल, याचं गणित मलिन्स आणि सेकेर्का या दोन शास्त्रज्ञांनी १९६३-६४ मध्ये मांडलं. धातुशास्त्रात इतकं देखणं गणित मी दुसरं पाहिलेलं नाही. फांद्या काटकोनात फुटतात त्या स्फटिकाच्या घनाकृती घडणीमुळे.

काळजी करायची ती फांद्यांमधल्या फटींची. तिथलं स्टील सर्वांत शेवटी गोठतं. फॉस्फरस आणि गंधक तिथेच साचतात. भंगारातून माल करणाऱ्यांनी तर हे डोळ्यांत तेल घालून बघावं. ओतताना तापमान गरजेपेक्षा चढवू नका. मग मधल्या भागात लांब फांद्यांऐवजी बारीक दाणे धरतात.

प्रश्न : विहीर खोदताना निघालेल्या दगडावर नेच्याच्या पानासारखा काळा ठसा आहे. जीवाश्म आहे का?

बहुतेक नाही. दगडाच्या फटीत झिरपलेल्या पाण्यातून मँगनीजचे ऑक्साइड साचतात, तेव्हा अशी झाडं उमटतात. इथेही पुढे आलेल्या टोकालाच नवा माल आधी मिळतो. भिंग लावून पाहा : पानाची शीर, देठ काही दिसणार नाही, नुसते फाटे. दगड जपून ठेवा, छान वस्तू आहे.

प्रश्न : परभणीकडे आमचं भारी काळं रान आहे. उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. याला तोच नियम का?

अगदी तोच नाही, इथे काही वाढत नाही. काळ्या मातीतली चिकणमाती ओलीत फुगते, वाळली की आकसते. खालचा ओला थर तिला आकसू देत नाही, म्हणून ताण वाढतो. पण टोकाचा फायदा इथेही आहेच : भेगेच्या टोकाशी ताण एकवटतो, म्हणून पडलेली भेग पुढे धावते. नवी भेग जुनीला मिळते ती साधारण काटकोनात, कारण भेगेच्या कडेला आडवा ताण आधीच सुटलेला असतो. वाळवलेल्या चिखलावरच्या प्रयोगांत मात्र पुन्हा पुन्हा भिजवलं-वाळवलं की काटकोन जाऊन सांधे १२० अंशांकडे झुकतात, षटकोन दिसू लागतात. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे बेसाल्टचे खांबही आकसण्यातूनच तयार झाले, फक्त तिथे लाव्हा थंड होत होता.

एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, हे तुम्हाला मी काय सांगणार! उभ्या पिकात भेगा बारीक असतानाच कोळपं घाला. वरची माती भुसभुशीत होते, भेगेचं तोंड बुजतं आणि खोलातली ओल उडून जायची वाट बंद होते. भेग हातभर खोल गेल्यावर कोळपं फक्त तोंड बुजवतं.