सायनाइड नको, मग सोनं कशानं काढायचं?

कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या टाकाऊ मातीत अजून सोनं आहे म्हणतात. मग आपल्या मराठवाड्यातच का नाही? – विद्यार्थी, अंबाजोगाई

आपल्या पायाखाली लाव्हाचा काळा पाषाण. सोनं मिळतं ते त्याहून कितीतरी जुन्या धारवाडी खडकांत. आपल्याला जवळची खाण रायचूर जिल्ह्यातली हट्टी. हैदराबाद संस्थानात आपण नि रायचूर एकत्रच होतो. कोलार २००१ साली बंद झालं. तिथे कोट्यवधी टन टेलिंग्ज, म्हणजे सोनं काढून उरलेला बारीक चोथा, पडून आहे. टनामागे सोनं ग्रॅमभरही नाही. पण खणण्या-दळण्याचा खर्च आधीच झालाय, मोह होतो तो त्यामुळे.

सायनाइडला पर्याय खरंच आहे का? – प्राध्यापिका, लातूर

आहे, पण प्रत्येकाची काही ना काही खोड आहे. दळलेल्या खडकातलं सोनं सायनाइडच्या पाण्यात विरघळवून घ्यायची ही पद्धत १८८७ची. स्वस्त आणि थोड्याशा रसायनात काम भागवणारी म्हणून टिकली. २००० साली रोमानियात बाया मारेला बांध फुटून सायनाइडचं पाणी डॅन्यूब नदीपर्यंत गेलं. तो कारखाना जुन्या टेलिंग्जमधूनच सोनं काढत होता, हे सहसा कोणी सांगत नाही.

थायोसल्फेट, फोटो धुण्याच्या ‘हायपो’तलं, पुष्कळ कमी विषारी. अमेरिकेत नेवाडातल्या गोल्डस्ट्राइकला ते मोठ्या प्रमाणावर वापरात आलं. पण एरवी त्याच्या जोडीला तांबं आणि अमोनिया लागतो, आणि अमोनिया ओढ्यात गेला तर मासे मरायचेच. शिवाय विरघळलेलं सोनं ते धरून ठेवायच्या नेहमीच्या कोळशावर नीट बसत नाही, त्याजागी रेझिन, म्हणजे सोनं धरणारे कृत्रिम मणी, घ्यावे लागतात. ग्लायसिन हे अन्नातही चालणारं अमिनो आम्ल. ऑस्ट्रेलियातल्या कर्टिन विद्यापीठानं त्यावर बरंच काम केलंय; मला तेच जास्त आशादायक वाटतं, फक्त काम संथ आणि द्रावण कोमट ठेवावं लागतं. थायोयुरियालाही काही जण ‘हरित’ म्हणतात. कॅन्सरचा संशय असलेलं रसायन मी त्या यादीत घालणार नाही.

सोनं काढल्यावर ती माती शेतात टाकता येईल का? – शेतकरी, भूम

मुळीच नाही. द्रावण बदललं तरी खडकातलं आर्सेनिक आणि गंधकाची खनिजं बरीचशी तिथेच राहतात. पावसात त्या गंधकाचं आम्ल होऊन झिरपतं, विहिरीपर्यंत जातं.

दुकानातली धूळ झारेकऱ्याला, म्हणजे धूळ धुऊन सोनं वेगळं करणाऱ्याला, देतो. त्याऐवजी थायोसल्फेट आणून घरीच सोनं काढू का? – सराफ, नांदेड

नको. तुमच्या धुळीतले कण टेलिंग्जमधल्यापेक्षा मोठे. ते विरघळायला दिवसच्या दिवस जातील. धुऊन-गाळूनच ते बरे निघतात. झारेकऱ्याला एवढंच विचारा, की तो पारा वापरतो का, आणि भट्टीचा धूर जातो कुठे. पारा वापरत असेल, तर सायनाइडच्या आधी तुमच्या गल्लीतली काळजी ती आहे.