इंजिनाआधी हवा मोज

नागपूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

महाविद्यालयातील लहान गॅस टर्बाइनवर (विमानाच्या जेट इंजिनासारख्या यंत्रावर) हायड्रोजन जाळून प्रदूषणमुक्त विमान-इंजिनाचा प्रकल्प करावा, ही तुझी इच्छा पत्रातून कळली. उत्साहाचे कौतुक आहेच. पण इंजिन कोणते घ्यावे यापेक्षा त्यात शिरणारी हवा तुला किती नेमकी मोजता येते, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि नागपुरात तर त्याला पळवाटच नाही.

उत्सर्जन-चाचणीत प्रमाण हवा म्हणून एक किलो कोरड्या हवेमागे ६.३४ ग्रॅम बाष्प धरतात. आपल्याकडे जुलैत हेच प्रमाण वीस ग्रॅमच्या आसपास जाते. दहनकक्षात शिरलेले हे जास्तीचे बाष्प उष्णता शोषते, ज्वालेचे तापमान उतरते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे ही प्रदूषके कमी तयार होतात; प्रचलित सूत्राने हिशेब केलास तर ही घट वीस ते पंचवीस टक्क्यांच्या घरात जाते. म्हणजे जुन्या रचनेची चाचणी मेमधल्या कोरड्या दुपारी आणि नव्या रचनेची भर पावसाळ्यात घेतली, तर काहीही न सुधारता नवी रचना स्वच्छ ठरेल. आर्द्रतेची नोंद नसलेला उत्सर्जनाचा आकडा, कितीही देखण्या आलेखात मांडलेला असला, तरी मी वाचत नाही.

तापमानाचेही तसेच आहे. समुद्रसपाटीवरील १५ अंश सेल्सिअस ही प्रमाण स्थिती, तर आपल्या नागपूरचा सोनेगाव विमानतळ सुमारे तीनशे मीटर उंचीवर. ४५ अंशांच्या दुपारी तेथील हवेची घनता प्रमाण हवेपेक्षा सुमारे एक अष्टमांशाने कमी भरते. जोर (थ्रस्ट), फेरे आणि इंधनप्रवाह यांचे आकडे प्रमाण स्थितीला आणण्याची सूत्रे पाठ्यपुस्तकात आहेत, ती तू वापरशीलच. मात्र दहनकक्षात तयार होणारी रसायने त्या साध्या गुणोत्तरांना बधत नाहीत, म्हणून मोजलेला आणि सुधारलेला (प्रमाण स्थितीला आणलेला) असे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहिण्याची शिस्त लावून घे.

इंजिन कोणत्या जोरावर चालवून मोजले, हा त्यापुढचा प्रश्न. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या प्रमाण चक्रात, म्हणजे विमानतळाजवळच्या उड्डाण-अवतरणाच्या ठरलेल्या क्रमात, उड्डाणाचा पूर्ण जोर ०.७ मिनिटे, चढणीचा ८५ टक्के जोर २.२ मिनिटे, उतरतानाचा ३० टक्के जोर ४ मिनिटे आणि जमिनीवरील ७ टक्के जोर तब्बल २६ मिनिटे धरलेला आहे. मंद गतीत दहन अपुरे राहते, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन तेथे अधिक सापडते. नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र पूर्ण जोरावर उसळतात. इंधन वाचवण्यासाठी दाबाचे गुणोत्तर (इंजिनात हवा किती पट दाबली जाते ते) वाढवले की दहनकक्षात येणारी हवा अधिक तापते आणि हीच ऑक्साइडे वाढू पाहतात. एका किलो केरोसिनमागे सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणून इंधनबचत हवीच. पण तिची किंमत दुसऱ्या कोणत्या रकान्यात चुकवली गेली, हे परीक्षकाने पाहायचे असते.

मोठ्या प्रकल्पांकडेही याच नजरेने पाहा. जीई आणि सॅफ्रान या इंजिन बनवणाऱ्या कंपन्यांनी २०२१ मध्ये जाहीर केलेल्या 'राइज' कार्यक्रमातील उघड्या पंख्याचे उद्दिष्ट इंधनखर्चात वीस टक्क्यांहून अधिक बचतीचे आहे. ही कल्पना नवी नव्हे. जीईचा असा पंखा १९८६ मध्ये बोइंग ७२७ वर उडालेला आहे, आणि पुढे तेल स्वस्त झाल्यावर तो मागे पडला. पंख्याभोवती आवरण नसल्यामुळे आवाज आणि तुटलेले पाते या दोन गोष्टींचा निकाल त्याला वेगळ्या मार्गाने लावावा लागतो, आणि माझ्या मते त्याची खरी कसोटी तेथेच आहे.

आता तुझा हायड्रोजन. इंजिन बनवणारी रोल्स-रॉइस आणि विमानसेवा देणारी ईझीजेट यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये इंग्लंडमधील बॉस्कम डाउन येथे एक इंजिन जमिनीवर हरित हायड्रोजनवर चालवून दाखवले, हे खरे. पण हायड्रोजनची ज्वाला वेगवान असल्यामुळे ती उलटी इंधननळीकडे सरकू शकते, त्याचा वायू बारीक फटीतूनही निसटतो, द्रवरूपात ठेवायचा तर उणे २५३ अंश लागतात, आणि कार्बन नसला तरी नायट्रोजनची ऑक्साइडे राहतातच. तेव्हा 'प्रदूषणमुक्त' हा शब्द शीर्षकातून काढ. महाविद्यालयाच्या पत्र्याच्या शेडमध्ये हा प्रयोग करू नये, हे मी स्पष्टच सांगतो (विभागप्रमुख परवानगी देतील, हे कारण पुरेसे नाही).

त्याऐवजी शाश्वत विमान-इंधनाचे (खनिज तेलाऐवजी टाकाऊ तेल, जैविक पदार्थ अशांपासून केलेल्या इंधनाचे) केरोसिनशी मिश्रण घे. त्यात सुगंधी हायड्रोकार्बन (अ‍ॅरोमॅटिक, म्हणजे बेंझीनसारखी वलये असलेली संयुगे) कमी असल्याने काजळी कमी होते, आणि काजळीच्या कणांवरच विमानामागच्या बाष्परेषेतील हिमकण धरतात. एअरबस ए-३५० च्या मागे जर्मन संशोधन-विमान उडवून केलेल्या मापनात, शंभर टक्के शाश्वत इंधनावर, जळालेल्या इंधनाच्या वजनामागे हिमकणांची संख्या ५६ टक्क्यांनी कमी आढळली. काजळीचे मापन जमिनीवरही करता येते, आणि हवेतील कण मोजण्याची विद्या जाणणारे लोक आपल्याच शहरात 'नीरी' या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेत आहेत. प्राध्यापकांचे पत्र घेऊन त्यांना भेट.

तूर्त एवढे कर. आर्द्रता कळण्यासाठी ओल्या आणि कोरड्या बल्बचा तापमापक व दाबमापक टर्बाइनच्या हवेच्या मुखाशी बसव, इंधन न बदलता साध्या केरोसिनवर एकाच जोराच्या चाचण्या पहाटे आणि दुपारी घे, जुलैत त्या पुन्हा घे, आणि न सुधारलेल्या नोंदी जशाच्या तशा मला पाठव. त्यांतील फरक कशामुळे आला हे तुला लिहून दाखवता आले, की मिश्र इंधनाचे प्रमाण आपण मिळून ठरवू.

तुझा शुभचिंतक