मानसिक आरोग्यावर सरकारी पैसा खर्च करणं परवडतं का?

गावात रस्ते-पाणी धड नसताना समुपदेशनावर सरकारने पैसा का घालावा, असं तुम्ही विचारलंय. खर्च आजही होतोच आहे, तो घराघरांतून होतो म्हणून अंदाजपत्रकात दिसत नाही.

मी अमरावती जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत वसुली बघते. नैराश्याने अंथरूण धरलेला कर्जदार गावाच्या लेखी आळशी असतो, नाहीतर दारुडा. त्याची मजुरी बुडते. त्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेणाऱ्या बायकोचीही बुडते. वर गाडीभाडं, मधल्या काळात भगताने उकळलेले पैसे, मग सावकार. मोठ्या मुलीची शाळा सुटते ती इथेच.

निम्हान्स या बंगळुरूच्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत शंभरातल्या दहाहून जास्त प्रौढांना मानसिक आजार आढळला, आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. नैराश्य आणि चिंताविकारांमुळे जगात दरवर्षी 1200 कोटी कामाचे दिवस वाया जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

आता उपचाराला किती लागतं ते बघा. गोव्यात 'संगाथ' संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून तयार केलं. त्यांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठकांत बोलायचं. सुटलेली रोजची कामं, माणसांत मिसळणं, थोडंथोडं पुन्हा सुरू करून द्यायचं. एवढंच. तीन महिन्यांनी या रुग्णांतले 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना केंद्रातले नेहमीचे उपचारच मिळाले, त्यांच्यात हे प्रमाण 39 टक्के होतं. कामाचे खाडे कमी झाले, आणि बायकांना नवऱ्याकडून होणारी मारहाणही घटली. मला या शेवटच्या निष्कर्षाचं मोल सगळ्यात जास्त वाटतं, कारण ते कुठल्याच ताळेबंदात मांडता येत नाही.

आमच्या विदर्भातही 'विश्राम' प्रकल्पात तीस गावांत असंच काम झालं, आणि उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण कितीतरी पटीने वाढलं.

'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर आहे, तो जरूर वापरा. पण फोनवर भागत नाही, प्रत्येक आरोग्य केंद्रात पगारी समुपदेशक हवा. हे काम आधीच राबणाऱ्या आशाताईंच्या गळ्यात फुकटात मारू नये. त्यांच्याकडूनच करून घ्यायचं असेल, तर त्याचा वेगळा मोबदला ठरवून द्या.