जास्वंदीचा चहा आणि लाल अंबाडी

प्रश्न : आमच्याकडे लाल जास्वंदीचं जुनं झाड आहे. जास्वंदीचा चहा रक्तदाब उतरवतो असं ऐकून मी रोज दोन फुलं उकळून पिऊ लागले आहे. हे योग्य आहे का? पानं केसांना लावतात, त्यात काही तथ्य? फांद्यांवर कापसासारखा पांढरा थरही आला आहे.

उत्तर : ताई, आधी चहाचं. दुकानात पाकिटात मिळणारा ‘हिबिस्कस’ चहा तुमच्या झाडाचा नाही. तो लाल अंबाडीचा असतो. सुदान-इजिप्तमध्ये ‘करकदे’ म्हणून पितात तो हाच. रक्तदाबावरचे जे प्रयोग सांगितले जातात, तेही बहुतेक लाल अंबाडीवरचे आहेत. दोघी एकाच कुळातल्या, एकाच ‘हिबिस्कस’ प्रजातीतल्या, म्हणून नावाची सरमिसळ झाली आणि एकीचे गुण दुसरीच्या नावावर चढले. वनस्पतिशास्त्र शिकवताना मी दोन्ही फुलं शेजारी ठेवत असे. फरक लगेच दिसतो. अंबाडीचं फूल फिकट पिवळं, मध्ये गडद डाग. ते गळलं की खालचा पुष्पकोश मांसल, लालभडक, आंबट होतो, आणि चहा त्याचाच करतात. जास्वंदीचा पुष्पकोश हिरवा, पातळ. आपण वापरतो त्या पाकळ्या.

पाकळ्या विषारी नाहीत. एखाद्या वेळी सरबत केलंत तर काही बिघडत नाही. पण रक्तदाबाचं औषध समजून रोज पिऊ नका, आणि गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या कमी करू नका. गर्भवतींनी, मूल हवं असणाऱ्यांनी तर हे फूल पोटात घेऊच नये. गर्भ राहू नये म्हणून ते देण्याची जुनी परंपरा आहे, आणि उंदरांवरच्या प्रयोगांतही फुलांच्या अर्काने गर्भ रुजण्यात अडथळा आलेला दिसला आहे. हे मी मुद्दाम ठासून सांगते, कारण ‘फूलच तर आहे’ म्हणून कुणी लक्ष देत नाही.

केसांचं मात्र खरं आहे. पानांत भरपूर बुळबुळीत द्रव असतो. ताजी पानं पाण्यात चुरून, गाळून त्याने केस धुवा. मळ निघतो आणि केस मऊ राहतात. टकलावर केस उगवतात, असं मी म्हणणार नाही. तेल करायचं असेल तर पाकळ्या आधी सावलीत सुकवा आणि तेलात घालून मंद आचेवर चुरचुर थांबेपर्यंत तापवा. पाण्याचा अंश राहिला की तेल खवट होतं.

या पाकळ्या चुरगाळून चामडी जोड्यांवर घासल्या की काळी झिलई येते. जमैकात या झाडाला त्यावरूनच नाव पडलं आहे. आणि घरात शाळकरी मुलं असतील तर पाकळ्यांचा गरम पाण्यातला अर्क जरूर करा. लिंबू पिळलं की तो लालबुंद होतो, खाण्याचा सोडा टाकला की हिरवट. रसायनशास्त्राचा इतका सुंदर धडा मला दुसरा माहीत नाही.

पांढरा थर म्हणजे पिठ्या ढेकूण. फार भरलेल्या फांद्या छाटून टाका, बाकीच्यांवर पाण्याचा जोरदार फवारा मारा आणि मग साबणाचं सौम्य पाणी फवारा. दर आठवड्याला पुन्हा करा, पानांची खालची बाजू आणि बेचके सोडू नका. मुंग्या चढत असतील तर त्यांचाही बंदोबस्त करा, कारण त्या या किडीला राखतात. रासायनिक कीटकनाशक मारलंत, तर त्या झाडाची पानं-फुलं डोक्याला किंवा पोटात घेऊ नका.