पोरगी म्हणते डोंगरातल्या लग्नांचे फोटो काढायचेत, हो म्हणू का?

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतरांनाही कळावं म्हणून थोडक्यात सांगते. तुम्ही नागपुरात मानेवाड्याला राहता, किराणा दुकान आहे, पोरगी २० वर्षांची, बीकॉम सेकंड इयरला. दीड वर्षापासून ती इथल्या एका फोटोग्राफरसोबत लग्नात असिस्टंट म्हणून जाते, मे महिन्यात एका टीमसोबत उत्तराखंडला एका लग्नाला जाऊन आली आणि तेव्हापासून एकच घेऊन बसली आहे की कॉलेज सोडते, देहरादूनला राहते, डोंगरातल्या लग्नांचे फोटो काढते, नंतर लडाखला जाते. तिथल्या टीमने ये म्हटलंय. तीन लाखांचा कॅमेरा मागून राहिली. आई रडते, नातेवाईक म्हणतात लग्नात फोटो काढत फिरणारी पोरगी कोण करून घेईल. आणि तुम्ही विचारलंय, ताई एका शब्दात सांगा, हो म्हणू की नाही.

एका शब्दात नाही सांगता येत भाऊ. पण एका महिन्यात सांगता येईल. तो महिना फेब्रुवारी.

का ते सांगते. तुमची पोरगी मे मध्ये गेली होती. इथे पारा ४५ च्या वर, कूलरचं पाणी पण गरम, आणि ती तिकडे स्वेटर घालून देवदारच्या सावलीत उभी. मेचा पहाड कोणालाही आवडतो, मलाही आवडतो, दोन वर्षांपूर्वी केदारनाथला जाताना मी त्रियुगीनारायणला थांबले होते तेव्हा मलाही वाटलं होतं की इथेच राहावं. पण आवडलेली जागा आणि आवडलेलं काम यात फरक असतो आणि तो फरक तिला अजून दिसलेला नाही, तुम्हालाही नाही, म्हणून तुम्ही दोघं भांडून राहिले.

त्रियुगीनारायणचंच घ्या, कारण आता डोंगरातलं लग्न म्हटलं की पहिलं नाव तेच येतं. रुद्रप्रयाग जिल्ह्यात, साधारण १९८० मीटर उंचीवर, सोनप्रयागहून रस्त्याने १२ किलोमीटर वर. शंकर पार्वतीचं लग्न इथे झालं असं मानतात, ती धुनी अजून तेवत ठेवलेली आहे, लोक लाकूड वाहतात आणि राख घरी घेऊन जातात. देशभरातून जोडपी येतात. डिसेंबर २०२३ मध्ये देहरादूनच्या गुंतवणूक परिषदेत पंतप्रधानांनीच सांगितलं की एक तरी डेस्टिनेशन वेडिंग उत्तराखंडमध्ये करा. तेव्हा काम आहे का, तर आहे, ही हवेतली गोष्ट नाही, पोरगी खोटं बोलत नाहीये.

आता तेच ठिकाण फेब्रुवारीत. बर्फ पडलेला असू शकतो, दरीत सूर्य डोंगरामागे लवकर जातो, म्हणजे घड्याळात दुपार असते आणि अंगणात सावली, आणि त्या सावलीतला प्रकाश निळा, नवरीचा चेहरा निळसर येतो. आजूबाजूला बर्फ असला की कॅमेरा फसतो, पांढऱ्याला राखाडी करून टाकतो, एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) एक्स्पोजर हाताने वाढवावं लागतं. बोटं सुन्न झालेली असताना हे करायचं. बॅटऱ्या थंडीत भराभर उतरतात, म्हणून जास्तीच्या बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाला लावून ठेवायच्या. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत ० ते ४० डिग्री असं लिहिलेलं असतं, आपला मे ती मर्यादा वरून मोडतो आणि तिकडचा फेब्रुवारी खालून. पोरगी वरची बाजू शिकली आहे, खालची राहिली.

माझ्याकडे वर्ध्याचा एक मुलगा यायचा मार्गदर्शनाला, तोही असाच गेला होता. बाहेर बर्फात तासभर वरातीचे फोटो काढले आणि तसाच कॅमेरा घेऊन अंगीठी पेटवलेल्या खोलीत शिरला, आत तीसचाळीस माणसं, दमट गरम हवा. लेन्सवर, काचेच्या आतूनसुद्धा वाफ धरली. पुसलं तरी परत. त्या दहा मिनिटांत नवरीच्या आईने तिला मिठी मारली, आजीने नथ सरळ केली, सगळं झालं आणि त्याच्याकडे एकही फोटो नाही. सिनियर बाजूला होता म्हणून वाचला. मला फोनवर सांगताना रडला तो. उपाय केवढासा, आत जायच्या आधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करायचा आणि अर्धा तास हळूहळू गरम होऊ द्यायचा, आणि आतला कार्यक्रम असेल तर दुसरा कॅमेरा आधीच आत ठेवायचा. पण हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. तो अजून त्याच कामात आहे, आणि आता नवीन पोरांना आधी पिशवी हातात देतो.

पहाडात फोटो काढणं हा कामाचा छोटा हिस्सा आहे हे घरी सगळ्यांनी समजून घ्या. हिशोब करून बघा, तुम्ही दुकानदार आहात, तुम्हाला पटकन कळेल. दोन दिवसांचं लग्न. नागपूरहून दिल्ली, दिल्लीहून ऋषिकेश, यात दीड दोन दिवस गेले. ऋषिकेशहून वर आणखी एक दिवस. आणि एक दिवस हातचा ठेवायचाच, कारण श्रीनगर (गढवालचं, काश्मीरचं नाही) आणि रुद्रप्रयागच्या मध्ये सिरोबगड म्हणून जागा आहे, तिथे दरड येण्याचं काही नवल नाही, रस्ता बंद झाला की पोलीस गाड्या थांबवतात आणि मुहूर्त काही थांबत नाही. मग लग्नाचे दोन दिवस, परतीचे दोन तीन. म्हणजे दोन दिवसांच्या कामाला आठ नऊ दिवस. नवीन पोरं दोन दिवसांचे पैसे सांगतात आणि मग म्हणतात परवडत नाही. रेट आठ दिवसांचा सांगायचा, राहणं खाणं प्रवास वेगळा, बुकिंगला अॅडव्हान्स, लग्नाच्या आधी मोठा हप्ता आणि अल्बमच्या वेळी थोडेच बाकी. आणि घरी आल्यावर? समजा पाच हजार फोटो, एकेक रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ, मोठी फाइल) ३० एमबी, म्हणजे १५० जीबी, त्याच्या तीन कॉपी, त्यातली एक दुसऱ्याच्या बॅगेत. दोन मेमरी कार्डवर एकाच वेळी लिहिणारा कॅमेरा नसेल तर लग्नाचं काम घेऊच नये असं माझं ठाम मत आहे, कारण लग्न परत होत नाही.

सीझनचंही बोलते कारण पत्रात तुम्ही लिहिलंय की सहा महिने तिकडे सहा महिने इकडे असं ती म्हणते. तसं सरळ नाही बसत. चातुर्मासात तिकडेही बंद इकडेही बंद. त्यात जुलै ते सप्टेंबर तिकडे पावसाचे आणि दरडींचे दिवस, जून २०१३ मध्ये केदारनाथला काय झालं ते सगळ्यांना आठवतं, त्या महिन्यांत तिने वर जायचं नाही हे मी स्पष्टच सांगते. पण दोन गोष्टी तिच्या बाजूच्या आहेत. एक म्हणजे उत्तरेकडे खरमास पाळतात, डिसेंबर मध्य ते संक्रांत आणि मार्च मध्य ते एप्रिल मध्य तिकडे लग्नं नसतात, तेव्हा ती नागपुरात काम करू शकते. दुसरं, आपल्या नागपुरात बौद्ध लग्नं मोठ्या संख्येने होतात आणि त्यांना मुहूर्ताची अट नसते, इतर लग्नं बंद असतात त्या महिन्यांतही होतात. हे काम ज्याच्या हातात आहे त्याचा पावसाळा अगदी कोरडा जात नाही. म्हणून माझं म्हणणं, देहरादूनला बस्तान हलवायची घाई नको, बेस नागपूर ठेवा.

आणि मग फेब्रुवारी. हिवाळी परीक्षा झाली की कॉलेजशी बोलून तिला महिनाभर त्या टीमकडे असिस्टंट म्हणून जाऊ द्या, मालक म्हणून नाही, स्वतःचं काम घेऊन नाही, बॅगा उचलायला, लाइट धरायला, रात्री कार्ड कॉपी करायला. जायच्या आधी तुम्ही स्वतः त्या टीमच्या मुख्य माणसाशी बोला, टीममध्ये आणखी बायका आहेत का विचारा, राहायची खोली वेगळी आणि आतून कडीची आहे का, रात्रीचा डोंगरातला प्रवास करणार नाही असं कबूल करून घ्या, रोजचे पैसे किती ते मेसेजवर लेखी घ्या. टीमला हे प्रश्न आवडले नाहीत तर तेच उत्तर समजा. फोन रोज लागेलच असं नाही, वर रेंज जाते, म्हणून कोणत्या गावात कोणत्या होमस्टेला मुक्काम आहे त्याचा कागद घरी ठेवा. हे सगळं मुलगा असता तरी सांगितलं असतं, फक्त खोलीचं थोडं जास्त जोर देऊन.

लोक काय म्हणतील यावर एवढंच, नवरी तयार होते त्या खोलीत पुरुष फोटोग्राफरला संकोचून उभं राहावं लागतं, मुलगी असली की आई, मावशी, आजी मोकळ्या होतात. तिचं मुलगी असणं या धंद्यात कमीपणा नाही, जमेची बाजू आहे, तुम्हीच तिला तसं सांगा.

कॅमेरा आत्ता घेऊ नका. भाड्याने मिळतो, २४-७०, ७०-२०० या लेन्सही मिळतात. सीझन झाल्यावर तिने कमावलेल्या पैशातून निम्मे तिचे निम्मे तुमचे असं ठरवा.

बीकॉम पूर्ण करायचंच. रेग्युलर जमत नसेल तर इग्नू आहे, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, पण डिग्री हवी, कारण पुढे दिल्लीच्या जामिया मिलियाचा स्टिल फोटोग्राफीचा पीजी डिप्लोमा किंवा एनआयडीचं (राष्ट्रीय डिझाइन संस्थेचं) मास्टर्स करावंसं वाटलं तर ग्रॅज्युएशन शिवाय दारातच अडेल. आणि बीकॉम तिला कामालाही येईल, उद्या तिचा धंदा वर्षाला २० लाखांच्या वर गेला की जीएसटी लागतो, फोटोग्राफीवर १८ टक्के, हे रेट सांगतानाच डोक्यात असावं लागतं.

आता बेटा थोडं तुझ्याशी, बाबांना सांगते हे तुला वाचून दाखवा म्हणून.

तू पहाड बघितलास, आता पहाडातलं लग्न शिक. आपल्याकडे तुला माहीत आहे कुठे उभं राहायचं, शेवटचं सावधान म्हटलं की अंतरपाट खाली येणार, अक्षता उडणार, तो एक सेकंद तू झोपेतही पकडशील. तिकडे तो सेकंद कुठला? हळदीला बान म्हणतात, वरात आली की धुलिअर्घ, म्हणजे नवरदेवाचं स्वागत होतं, गढवालमध्ये बायका मांगल गातात, कुमाऊंत शकुनाखर, कुमाऊंनी नवरीच्या अंगावर केशरी पिवळा, लाल ठिपक्यांचा पिछौडा, म्हणजे ओढणी असते, छोलियावाले ढाल तलवार घेऊन नाचतात, टिहरीची नथ गालभर मोठी असते. कोणती मावशी कधी रडणार हे गाणं समजल्याशिवाय तुला कळणार नाही. तिथल्या बायकांसोबत स्वयंपाकघरात बस, विचार, गाण्यांचे शब्द लिहून घे. ड्रोनने काढलेली दरी सगळ्यांच्या अल्बममध्ये सारखीच दिसते, त्या नवरीची आई मात्र एकच असते.

ड्रोनवरून आठवलं. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो सोडला तर धंद्यासाठी उडवायला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं, आणि डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन साइटच्या नकाशावर रेड झोन असेल तर केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाहीच. लडाख सीमेला लागून आहे, तिथे कोणी म्हटलं चल उडवू, काही होत नाही, तरी हात लावायचा नाही.

लडाख दोन वर्षांनी. लेह साधारण ३५०० मीटरवर आहे, विमानातून उतरल्यावर पहिले दोन दिवस फक्त आराम, क्लायंट कितीही घाई करो, डोकं दुखायला लागलं, उलटी झाली, धाप लागली तर फोटो गेले खड्ड्यात, डॉक्टर आणि खाली उतरणं. तिकडे आपलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड घे. जास्तीच्या बॅटऱ्या विमानात हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये टाकू नको.

आणि एक कागद, जो कोणी शिकवत नाही. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. पैसे घेऊन कोणाच्या सांगण्यावरून फोटो काढला तर वेगळा करार नसेल तोवर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो, तू नाही. म्हणजे स्वतःच्या पेजवर टाकायचा असेल तर करारात तशी ओळ हवी, आणि नवरीने नाही म्हटलं तर नाही. बाबा दुकानाच्या उधारीचं जसं लिहून ठेवतात तसं तूही लिहून ठेव.

भाऊ, फेब्रुवारी संपून ती परत आली की पहिले चार दिवस काही विचारू नका, झोपू द्या. मग तिला म्हणा चाळीस फोटो निवड, त्यात डोंगर दिसणारे दहापेक्षा जास्त नकोत, बाकी सगळी माणसं. ते घेऊन दोघं, आणि आईही, माझ्याकडे या, रविवार सोडून कोणत्याही संध्याकाळी. तिने मधेच फोन करून परत यायचं म्हटलं तर तिकीट काढून द्या आणि रागावू नका, तेही मला कळवा.